नारू गेला, वही उरली

मागच्या हिवाळ्यात इंदूरला मावशीकडे चार दिवस राहून आलो. सकाळी पोहे, त्यावर शेव आणि जिरावण, आणि समोर गप्पांना काका. काका मध्य प्रदेशच्या आरोग्य खात्यातून २०१० साली निवृत्त झाले. बोलता बोलता उठले आणि कपाटातून एक जाड, पुठ्ठा सुटलेली वही घेऊन आले. "ही माझी नारूची वही," म्हणाले.

नारू म्हणजे काय हे आपल्या सीमाभागातल्या आजी-आजोबांना सांगावं लागत नाही. कन्नडमध्येही तो ‘नारु हुण्णु’च. पायऱ्यांच्या विहिरीत उतरून पाणी भरायचं, त्या पाण्यातल्या बारीक कीटकांबरोबर नारूची अळी पोटात जायची आणि सुमारे वर्षभराने पायातून पांढरा दोरा बाहेर डोकवायचा. तो काडीवर रोज थोडा थोडा गुंडाळत बसायचं. तुटला तर पाय सुजून माणूस खाटेवर, आणि तेही ऐन शेतीच्या दिवसांत. यावर लस नव्हती, औषधही नव्हतं. पाणी गाळून पिणं आणि पायविहिरीला कठडा बांधून तिचा आड करणं, एवढाच उपाय. १९८३-८४ मध्ये राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानातल्या जोधपूर जिल्ह्यात सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचं प्रमाणपत्र दिलं.

काकांच्या वहीत धार-झाबुआकडच्या भिल्ल वस्त्या आहेत. कुठल्या फळियात किती घरं, पाणी कुठलं, कुठली कुटुंबं मजुरीला गुजरातेत जातात आणि कुठल्या सणाला परततात. निवृत्त होताना ही वही कुणाला द्यायची, असं त्यांनी वरिष्ठांना विचारलं. "ठेवा तुमच्याकडेच," असं उत्तर मिळालं.

मला वाटतं, रोगनिर्मूलनाची खरी अवघड बाजू इथे सुरू होते. रोग गेल्याचा समारंभ होतो. पण त्या रोगासाठी उभी केलेली माणसं, शीतपेट्या, याद्या, घराघरातली ओळख यांचं पुढे काय करायचं, हे फार थोड्यांना सुचतं.

काकांची सारी नोकरी याच प्रश्नात गेली. १९७१ साली ते देवी काढणारे म्हणून लागले (देवीला आपल्याकडे कन्नडमध्ये ‘सिडुबु’ म्हणतात). मे १९७५ नंतर देशात देवीचा रुग्ण राहिला नाही. आता या हजारो लसटोच्यांचं काय? उत्तर आधीच तयार होतं. कर्तारसिंग समितीने १९७३ मध्येच सुचवलं होतं की देवी, हिवताप वगैरेंचे वेगवेगळे कर्मचारी मोडून बहुउद्देशीय आरोग्य कर्मचारी करावेत. तसे ते झालेही. १९७८ मध्ये बालकांच्या लसीकरणाचा विस्तारित कार्यक्रम आला, तेव्हा सुई धरणारे हात आणि गावं पालथी घातलेले पाय तयार मिळाले.

पण मधली दोन वर्षं काकांना आजही सलतात. आणीबाणीत त्यांना नसबंदीच्या केसेस आणायला पाठवलं गेलं. "ज्या घरात देवी काढल्यावर गूळ हातावर ठेवायचे, त्याच घरांनी मला पाहून दारं लावली रे," काका म्हणाले. माणसं तीच होती, कामही दिलेलं होतं, फक्त विश्वास भलत्या ठिकाणी खर्च झाला. तो परत मिळवायला त्यांना नारूची विहीर उपयोगी पडली. पाण्याचं काम घेऊन आलेल्याला कोण दार लावील?

पोलिओचं गणित याहून मोठं. डिसेंबर १९९५ मध्ये देशभर ‘दोन थेंबां’ची मोहीम सुरू झाली. १९९७ पासून जागतिक आरोग्य संघटना आणि केंद्र सरकार यांनी मिळून पाळत ठेवणारं जाळं उभं केलं. पंधरा वर्षांखालच्या मुलाच्या हातापायातलं बळ अचानक गेलं, की चौदा दिवसांच्या आत शौचाचे दोन नमुने प्रयोगशाळेत गेलेच पाहिजेत, असा शिरस्ता. देशव्यापी फेरीत सुमारे १७ कोटी मुलांना थेंब दिले जात. शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यात आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी आपला विभाग पोलिओमुक्त ठरला.

हे जाळं मात्र लगेच गुंडाळलं नाही, ही शहाणपणाची गोष्ट. तेच अधिकारी ताप आणि पुरळ आलेल्या मुलांची चौकशी करू लागले. गोवर-रुबेलाची मोहीम आली तीही याच वाटेने. आपल्या सीमेवरच्या घरांना ती नीट आठवत असेल, कारण कर्नाटकातल्या भावाच्या मुलांना फेब्रुवारी २०१७ मध्ये लस मिळाली आणि महाराष्ट्रातल्या बहिणीच्या मुलांना नोव्हेंबर २०१८ मध्ये. मध्य प्रदेशाची पाळी २०१९ च्या जानेवारीत आली. विषाणूला कुठे ठाऊक की निपाणीपुढे राज्य बदलतं! ऊसतोडणीला इकडून तिकडे जाणाऱ्या कुटुंबाचं पोर दोन्ही याद्यांतून सुटू शकतं, आणि ते सुटू नये म्हणून लागते काकांसारखी वही.

आता प्रश्न पैशाचा आहे. पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात मूळ पोलिओ अजून आहे, मेघालयात २०२४ मध्ये लशीतून उद्भवलेल्या विषाणूचा एक रुग्ण निघाला, म्हणजे पाळत तर हवीच. पण पोलिओच्या नावाने बाहेरून येणारा निधी आटतो आहे. कंत्राटावरचे डॉक्टर, नोंदी ठेवणारे, नमुना पोचवणारे यांचा पगार राज्यांनी आपल्या अंदाजपत्रकात घ्यायचा, तर तो निधी चालू असतानाच घ्यायला हवा. माणूस एकदा घरी गेला की जाहिरात देऊन जागा भरते, ओळख भरत नाही.

१ एप्रिल २०२० रोजी इंदूरच्या टाटपट्टी बाखलमध्ये कोरोनाची चौकशी करायला गेलेल्या पथकावर दगडफेक झाली. त्या पथकातल्या दोघी डॉक्टर दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच वस्तीत गेल्या. काका टीव्हीवर ते पाहत होते. मावशी सांगते, ते दिवसभर जेवले नाहीत, नुसती वही चाळत बसले.

निघताना काकांनी वही माझ्यापुढे धरली. "तुझ्या कॉलेजात कुणाला उपयोग होईल का?" वहीच्या शेवटच्या पानावर झाबुआतल्या एका विहिरीचं पेन्सिलीने काढलेलं चित्र आहे, बाजूला तारीख आणि ‘कठडा पूर्ण’ एवढे दोन शब्द. मी ती घेऊन आलो आहे.