तारीख दिली, वेळ दिली नाही

लीड्सहून वार्तापत्र

गेल्या महिन्यात नागपूरहून येणाऱ्या प्रत्येक फोनवर एकच विषय होता, इथे राहणाऱ्या माझ्या भाचीचं बाळंतपण. बोलणाऱ्या सगळ्याजणींच्या डोक्यात इंग्लंडबद्दल दोन समजुती पक्क्या होत्या. एक, तिकडे सगळं नॉर्मलच करतात. दोन, कळा आणायला अ‍ॅडमिट केलंय म्हणजे संध्याकाळपर्यंत निकाल लागणार. दोन्ही समजुती निराधार आहेत. इंग्लंडमध्ये आता शंभरातली चाळीसहून अधिक बाळंतपणं सिझरने होतात, आणि साधारण एक तृतीयांश बायकांच्या कळा औषधाने सुरू केल्या जातात. संध्याकाळचं म्हणाल तर भाची सोमवारी दाखल झाली आणि बाळ बुधवारी रात्री आलं. यात काही बिघडलं नव्हतं. पहिलटकरणीला एवढा वेळ लागू शकतो हे तिला आधीच सांगितलेलं होतं. नागपूरहून आलेल्या आमच्या ताईला, म्हणजे तिच्या आईला, ते पटत नव्हतं एवढंच.

भाचीला सहाव्या महिन्यात साखर निघाली. आपल्या भागातल्या बायकांना हा धोका जास्त, म्हणून ती तपासणी इथे ठरवूनच करतात. उपाशीपोटी रक्त घ्यायचं, ग्लुकोजचं पाणी पाजायचं, दोन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचं. गरोदरपणातली साखर असेल तर ४० आठवडे ६ दिवसांच्या पुढे थांबू नका, असा इथला सल्ला आहे. बाकीच्यांना ४१ आठवडे भरले की कळा आणण्याबद्दल विचारतात. 'विचारतात' हे मी मुद्दाम लिहितेय. ३८व्या आठवड्यात मिडवाइफने, म्हणजे इथल्या प्रशिक्षित सुईणीने, भाचीसमोर एक पुस्तिका ठेवली. थांबलं तर काय धोका, औषध दिलं तर काय त्रास, कळा जास्त दुखू शकतात, बाळाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवावं लागेल, हे सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, घरी जाऊन विचार कर, नको असेल तर तसं सांग, मग तपासण्या वाढवू. भाचीने दोन दिवसांनी होकार कळवला. सहीही तिचीच. जावई शेजारी बसला होता, त्याच्यापुढे कोणी कागद सरकवला नाही.

आपल्याकडे काय होतं ते मी पुन्हा सांगायची गरज नाही, पण सांगते. 'पाणी कमी झालंय', 'तारीख उलटली', 'बाळ सुकतंय', असं एक वाक्य पेशंटला मिळतं. मग दार उघडून सिस्टर विचारते, 'नातेवाईक कोण आहे? इथे सही करा.' सही नवरा करतो, नवरा नसेल तर सासू करते. जिच्या अंगात औषध जाणार ती आत टेबलावर असते. शहाण्यासुरत्या, कमावत्या, स्वतःच्या नावावर फ्लॅट घेतलेल्या मुलींच्या बाबतीतही हेच होतं, आणि कायद्याने सही बाईचीच पुरेशी असताना होतं. याचा मला राग येतो. इंग्लंडचं कौतुक करायचं म्हणून नाही, इतकी साधी आणि फुकट गोष्ट आपण करत नाही म्हणून.

इथे ती आपोआप होते असंही नाही. २०२१ साली 'नाइस' या इथल्या सरकारी संस्थेने कळा आणण्याच्या नियमांचा मसुदा काढला. त्यात म्हटलं होतं की आशियाई आणि कृष्णवर्णीय बायकांच्या बाबतीत ३९व्या आठवड्यातच कळा आणण्याचा विचार व्हावा. या बायकांच्या बाळांचे मृत्यू जास्त होतात हे त्यामागचं कारण, आणि ते खरं आहे. पण मिडवाइफ आणि बायकांच्या संघटना उठल्या. कातडीचा रंग हे औषध देण्याचं कारण कसं होऊ शकतं, या बायकांचं म्हणणं दवाखान्यात ऐकलं जात नाही ते आधी बघा, म्हणाल्या. नोव्हेंबरात अंतिम नियम आले तेव्हा ती शिफारस नव्हती. भाचीच्या ओळखीत तेव्हा गरोदर असलेल्या दोघी होत्या. त्या अजून त्या मसुद्याबद्दल बोलतात.

सोमवारी सकाळी आठला या म्हणून सांगितलेलं. निघण्याआधी फोन करायचा असतो. फोन केला तर उत्तर आलं, बेड नाही, दुपारी पुन्हा करा. ताईने डबा भरून, देवाजवळ दिवा लावून, कोट चढवून तयारी केली होती. तिने कोट काढला नाही. चार वाजेपर्यंत ती कोट घालूनच सोफ्यावर बसली होती.

वॉर्डात गेल्यावर मात्र एक गोष्ट अशी घडली की मी नागपूरला फोन करून चार जणींना सांगितली. तिथल्या मिडवाइफने भाचीसमोर दोन पर्याय ठेवले. एक औषध योनीत ठेवायचं, त्याला बारीक फीत असते आणि ते चोवीस तास राहू शकतं. दुसरा पर्याय गोळीचा, २५ मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल, पाण्याबरोबर गिळायची, दर दोन तासांनी एक. भाचीने गोळी घेतली. ही गोळी मुळात पोटातल्या अल्सरसाठी निघाली. पण कळांसाठी ती याच मापात आणि याच अंतराने देऊन बघण्याचा एक मोठा अभ्यास झाला तो कुठे? आमच्या नागपुरात. दोन सरकारी रुग्णालयांत, रक्तदाब वाढलेल्या ६०२ बायकांवर. निम्म्यांना गोळी दिली, निम्म्यांना गर्भाशयाचं तोंड उघडण्यासाठी फोलीचा फुगा लावला. गोळीवाल्यांपैकी ५७ टक्के चोवीस तासांत नॉर्मल बाळंत झाल्या, फुगावाल्यांपैकी ४७ टक्के. लिव्हरपूल विद्यापीठाचे डॉक्टर त्या अभ्यासात होते, आणि २०१७ साली तो 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. जगभरच्या डॉक्टरांनी तो वाचला. त्या ६०२ बायकांपैकी किती जणींना हे माहीत असेल?

ताईला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, 'मग आपल्याकडे ही गोळी मिळत असेलच.' मिळते. पण अनेक ठिकाणी २०० मायक्रोग्रॅमची मोठी गोळी तोडून तुकडे दिले जातात, आणि एका तुकड्यात किती औषध गेलं हे तोडणाऱ्यालाही सांगता येत नाही. जास्त गेलं तर कळांवर कळा येतात, मधे उसंत राहत नाही, आणि बाळाचा प्राणवायू कमी पडतो. आधीचं सिझर असेल तर शिवण उसवून गर्भाशय फाटायची भीती, म्हणून अशा बाईला ही गोळी देत नाहीत. ज्यांच्या घरी कोणाची तारीख जवळ आली आहे त्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं.

मंगळवारी दुपारपर्यंत गर्भाशयाचं तोंड उघडायला लागलं होतं. मिडवाइफ तपासताना प्रत्येक वेळी आधी विचारायची, 'आत्ता तपासू का?' भाची 'थांब' म्हणाली की थांबायची. पाणमोट फोडता येईल एवढी प्रगती झाली आणि तिथेच सगळं अडलं. बाळंतपणाच्या खोलीत न्यायला मिडवाइफ मोकळी नाही. रात्र झाली, सकाळ झाली, नाही. ताईचा संयम सुटला. 'मला समोर मोकळी खोली दिसतेय, स्वच्छ पलंग दिसतोय, मग हिला आत का घेत नाहीत? डॉक्टर कुठेय? अठ्ठेचाळीस तासांत एकदा तोंड दाखवलंय त्याने.' मी तिच्यासाठी इंग्रजीत विचारलं. मिडवाइफने नीट उत्तर दिलं. खोली आहे, पण कळा जोरात सुरू झाल्या की एका बाईसाठी एक मिडवाइफ पूर्ण वेळ हवी, हा नियम आहे, आणि ती मिळेपर्यंत मी हिला आत नेणार नाही.

मला तिचं म्हणणं पटलं आणि ताईचा संतापही पटला. या देशात माणसं कमी आहेत. मार्च २०२२ मध्ये डोना ऑकेंडन यांचा अहवाल आला. श्रूसबरी आणि टेलफर्डच्या रुग्णालयांत वीस वर्षांत जे झालं त्याचा तो हिशेब आहे. नीट काळजी घेतली असती तर २०१ बाळं आणि ९ आया वाचू शकल्या असत्या, असं त्यात लिहिलंय. अपुरी माणसं, बायकांचं न ऐकणं, आणि नॉर्मलच व्हायला हवं हा हट्ट, तिन्ही त्यात आहे. 'तिकडे सगळं नॉर्मलच करतात' म्हणून कौतुक करणाऱ्यांनी हे वाचावं. म्हणून त्या मिडवाइफने आम्हाला थांबवलं ते बरोबर केलं. पण औषध देऊन कळा सुरू करायच्या आणि मग बाईला दुखण्यात वाट बघत ठेवायचं, हे कुठल्याही श्रीमंत देशाला शोभत नाही.

बुधवारी दुपारी आत घेतलं. क्रोशाच्या सुईसारखी लांब, टोकाला बारीक आकडी असलेली काडी, तिने पाणमोट फोडली. दुखलं नाही, कोमट पाणी गेलं, असं भाची म्हणाली. मग ऑक्सिटोसिनचं सलाइन. अगदी थोड्यावर सुरू करून दर अर्ध्या तासाने वाढवत नेतात, दहा मिनिटांत तीन-चार कळा यायला लागेपर्यंत. पोटाला दोन पट्टे, शेजारी यंत्रातून निघणारी कागदाची पट्टी, एका रेघेवर कळा, दुसरीवर बाळाचे ठोके. एकदा दहा मिनिटांत सहा कळा आल्या, ठोके खाली गेले. मिडवाइफने लगेच सलाइन कमी केलं, भाचीला कुशीवर वळवलं, आणि ते करताना ती काय करतेय, का करतेय हे बोलत राहिली. तोंडाला लावून ओढायचा वायू होता, निम्मा नायट्रस ऑक्साइड, निम्मा ऑक्सिजन. पुढे एपिड्युरल घेतलं. कोणी तिला 'एवढं काय ओरडतेस' म्हटलं नाही.

ताई आत होती. जावई एका बाजूला, ताई दुसऱ्या बाजूला. हे मला तिच्याकडूनच नंतर कळलं. भाचीच्या जन्माच्या वेळी नागपुरात आमची आई बाहेरच्या बाकावर बसून होती, आणि ताई आत एकटी. 'मला सलाइन लावलं आणि एकदम कळा वाढल्या,' ताई म्हणाली. 'त्यात काय होतं ते मला आजपर्यंत माहीत नव्हतं. मला वाटायचं ताकदीचं लावलंय. आज हिच्या बाटलीवर नाव वाचलं.' एवढी वर्षं एका बाईला तिच्याच अंगात काय गेलं ते ठाऊक नाही. केंद्राच्या २०१७ च्या 'लक्ष्य' कार्यक्रमात बाळंतिणीजवळ तिचं माणूस राहू द्यावं असं स्पष्ट म्हटलंय. तरी लेबर रूमचं दार किती ठिकाणी उघडतं?

हे ऑक्सिटोसिन आपल्याकडे नावाने कोणाला माहीत असेल तर गोठ्यामुळे. म्हशीने पान्हा सोडावा म्हणून देतात ते इंजेक्शन हेच. त्या गैरवापरावर उपाय म्हणून २०१८ साली केंद्र सरकारने देशापुरतं त्याचं उत्पादन एकाच सरकारी कंपनीकडे द्यायचं ठरवलं. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबवणारं हे औषध. तेच वेळेवर मिळालं नाही तर काय, हा प्रश्न न्यायालयात गेला, आणि त्याच डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. म्हणजे म्हशीच्या इंजेक्शनवर देशभर चर्चा झाली. मात्र छोट्या नर्सिंग होममध्ये, ठोके सतत न बघता, तेच औषध बायकांना घाईने लावलं जातं, त्यावर तेवढी कधीच झाली नाही.

मुलगी झाली. थोड्या वेळाने चहा आणि लोणी लावलेला टोस्ट आला, तो इथे प्रत्येक बाळंतिणीला मिळतो आणि सगळ्याजणी त्याची आठवण काढतात. ताईने तो बाजूला सारून डिंकाचा लाडू काढला. भाचीने दोन्ही खाल्लं. आईला साखर होती म्हणून बाळाच्या टाचेतून काही तासांनी रक्त घेऊन साखर बघत राहिले. घरी सोडताना बिल नव्हतं. दुसऱ्या दिवशी मिडवाइफ घरी आली.

ताईची एक तक्रार मात्र शेवटपर्यंत राहिली, आणि ती मला खोडता येत नाही. एवढ्या तीन दिवसांत किती चेहरे आले, दर पाळीला नवा. आमच्या नागपूरच्या डॉक्टर मॅडम नऊ महिने बघतात, रात्री दोनला स्वतः येतात, त्यांचा नंबर माझ्या फोनमध्ये असतो, ती म्हणाली. खरं आहे. त्या मॅडमनी फक्त बोलायला हवं.

आमच्या आतेबहिणीच्या सुनेची तारीख पुढच्या महिन्यात आहे, नागपुरातच. तिला मी फोनवर सांगितलं, कळा आणायचं म्हणाले तर विचार की कारण काय, औषध कोणतं आणि किती, ठोके कसे बघणार, आत माझ्याजवळ कोण असेल. तिने मागच्या तपासणीला विचारलं. कारण सांगितलं, औषधाचं नावही सांगितलं. आत कोण असेल यावर उत्तर आलं, 'ते आम्ही बघू.' तिला म्हटलं, शुक्रवारी जातेयस ना, पुन्हा विचार, आणि विचारताना सासूला सोबत ने.