शेंदलेले पाणी आणि पाऊस

शुक्रवारी संध्याकाळी मंडळीतल्या कुणाच्या तरी घरी प्रार्थनेची बैठक भरते. सतरंजी अंथरलेली असते, दोन गीते गाऊन झालेली असतात, आणि मग कुणी वडीलधारे वही उघडून म्हणतात, "विनंत्या सांगा." गुडघ्याची शस्त्रक्रिया, मुलीची दहावी, परदेशी निघालेल्या मुलाचा व्हिसा, रखडलेले लग्न. वहीचे पान भरते. एकेक विनंती देवापुढे मांडली जाते, आमेन होते, चहा येतो.

या वहीबद्दल मला मनापासून आदर आहे. शेजारणीचे गुडघे आठवणीने देवापुढे नेणे ही प्रीतीच आहे. तरीही तिथून घरी परतताना पुष्कळदा एक प्रश्न सोबत येतो. काय हवे ते आम्ही ठरवले, कसे हवे ते आम्हीच सांगितले, कधीपर्यंत हवे तेही. मग देवाला बोलायला जागा कुठे ठेवली? आपल्या मनाने केलेली प्रार्थना आणि पवित्र आत्म्याने चालवलेली प्रार्थना असा भेद मंडळीत नेहमी बोलला जातो. तो नेमका कुठे आहे, याचा शोध ख्रिस्ती माणसे दोन हजार वर्षे घेत आली आहेत.

लूकच्या शुभवर्तमानात परूशी आणि जकातदार मंदिरात प्रार्थनेला जातात. परूशी उभा राहून स्वतःशीच प्रार्थना करतो, असे तिथे म्हटले आहे. त्याच्या तोंडी देवाचे नाव आहे, उपवासाचा आणि दशांशाचा हिशेब आहे; बोलणे मात्र स्वतःपाशी सुरू होऊन स्वतःपाशीच संपते. याच्या समोर गेथशेमाने बाग ठेवून पाहावी. तिथे येशूने स्वतःची इच्छा लपवली नाही. प्याला टळावा असे त्याने स्पष्ट मागितले आणि ते मागणे पित्याच्या हाती सोडून दिले. स्वतःचे मागणेच असू नये, असे बायबल कुठेही शिकवत नाही.

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात या विषयाचे मूळ आहे. आपण कशासाठी प्रार्थना करावी हे आपल्याला कळत नाही, अशी कबुली तिथे एक प्रेषित देतो. आत्मा आपल्या दुर्बलतेत हाताशी येतो आणि शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी मध्यस्थी करतो. मराठी बायबलमधला 'कण्हणे' हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. आजारी माणूस कण्हतो, बाळंतीण कण्हते. त्या अध्यायात सगळी सृष्टी कण्हते, विश्वासणारे कण्हतात आणि शेवटी खुद्द आत्माही कण्हतो. 'आत्म्याने भरलेली प्रार्थना' म्हटले की आपल्यापुढे मोठा आवाज आणि उंचावलेले हात येतात. पौलाच्या मनात मात्र वेदनेतून फुटणारा अस्फुट हुंकार होता.

याच वचनाने एका रोमन विधवेला अस्वस्थ केले होते. तिचे नाव प्रोबा. 410 साली अलारिकच्या सैन्याने रोम लुटले, तेव्हा तिचे श्रीमंत घराणे समुद्र ओलांडून आफ्रिकेत आले. काय मागावे हे कळत नाही असे पौलच म्हणतो, तर मग मी प्रार्थना कशी करू, असे तिने हिप्पोच्या ऑगस्टीनला विचारले. त्याचे उत्तर म्हणजे एक लांबलचक पत्रच आहे. संकट आले की ते टळावे असे मागणे माणसाला स्वाभाविक आहे, असे तो सांगतो. पण तेच संकट आपल्या हिताचे आहे की नाही, हे आपल्याला दिसत नाही. म्हणून आपल्यात एक अज्ञान असते, आणि ते देवाच्या आत्म्याने शिकवलेले अज्ञान असते. शब्द वाढवण्यापेक्षा तळमळ वाढवावी, असा त्याचा तिला सल्ला आहे. घर गमावलेल्या बाईला हे सांगणे सोपे नव्हते.

पुढच्या शतकांत या प्रश्नाला एक फाटा फुटला आणि वादाची बरीच ताकद तिकडे गेली: छापील प्रार्थना की उत्स्फूर्त प्रार्थना? इंग्लंडमध्ये 1549 साली क्रॅन्मरचे प्रार्थनापुस्तक आले. 1662 साली ते नव्या रूपात सक्तीचे झाले. 1660 पासून बेडफर्डच्या तुरुंगात असलेल्या जॉन बन्यनने त्याविरुद्ध एक पुस्तिकाच लिहिली. आत्मा माणसाच्या आत कण्हतो, ते दुसऱ्याने आधी लिहून कसे ठेवणार, हा त्याचा मुद्दा. क्वेकर त्याहून पुढे गेले आणि आत्मा हलवीपर्यंत गप्प बसू लागले. बन्यनबद्दल मला जिव्हाळा आहे. आपल्या मतासाठी त्याने बारा वर्षे तुरुंगात काढली. पण भेदाची रेघ त्याने चुकीच्या जागी ओढली, असे मला वाटते. उत्स्फूर्त प्रार्थनाही महिन्याभरात पाठ होते. तीच वाक्ये, तोच चढता सूर, तोच शेवट, हे आपण दर रविवारी ऐकतो. उलट, वसईतल्या एखाद्या घरात आजी रोज संध्याकाळी रोझरी म्हणते. तेच शब्द हजारो वेळा ओठांवरून गेल्यावर तिचे मन ज्या ठिकाणी पोचते, तिथे नव्या शब्दांची गरज उरत नसेल.

मला सर्वांत उलगडून सांगणारी वाटते ती आविलाची तेरेसा. स्पेनमधली ही कार्मेलाईट जोगीण 1515 साली जन्मली. आत्मचरित्रात तिने प्रार्थनेला बाग म्हटले आहे. धनी देव, आपण माळी. पाणी चार तऱ्हांनी घालता येते. पहिली तऱ्हा विहिरीतून पोहऱ्याने शेंदण्याची: हात भरून येतात आणि पाणी थोडेच मिळते. दुसरी रहाटाची, कष्ट कमी, पाणी जास्त. तिसरी ओढ्याची, जिथे माळ्याने फक्त पाट वळवायचा. चौथी पावसाची, आणि तिथे माळ्याच्या हाती काहीच नाही. आपल्याकडे ज्याने मोट आणि पाट पाहिले आहेत त्याला हे समजावून सांगावे लागत नाही. वैशाखात पाणी शेंदणारी बाई पावसाची वाट पाहत असते, पण पाऊस येणार म्हणून ती पोहरा टाकून देत नाही. कधी विहीरच आटलेली असते, हेही तेरेसा सांगते. तरी माळ्याने विहिरीवर जायचे. आणि हे सांगणारी बाई स्वतः कित्येक वर्षे प्रार्थनेचा तास कधी संपतो म्हणून घड्याळाच्या ठोक्याकडे कान लावून बसत असे. ते तिने लपवलेले नाही.

पोहरा टाकून द्या, असे सांगणारेही निघाले. मिगेल दे मोलिनोसने माणसाच्या आत्म्याच्या पूर्ण निष्क्रियतेचा मार्ग शिकवला आणि 1687 साली पोपने त्याची मते दोषी ठरवली. आज वेगळाच धोका मला जास्त सतावतो. 'परमेश्वराने मला सांगितले' हे वाक्य स्वस्त झाले आहे. त्याच्या जोरावर कुणी दुसऱ्याचे लग्न ठरवतो, कुणी आजारी माणसाला औषध थांबवायला सांगतो. आत्म्याच्या नावाखाली स्वतःचीच इच्छा बोलते, आणि तिला विरोध करणारा देवाचा विरोधक ठरतो. वहीतल्या विनंत्यांपेक्षा ही प्रार्थना कितीतरी जास्त स्वमनाची आहे. आत्म्यांची पारख करायला योहानाच्या पहिल्या पत्रात सांगितलेच आहे. करिंथच्या मंडळीतल्या गोंगाटाला उत्तर देताना पौलानेही आत्म्याने प्रार्थना करीन आणि बुद्धीनेही करीन, अशी दोन्हींची सांगड घातली. इग्नेशियस लोयोलाने तर या पारखीचे नियमच लिहून ठेवले.

आता केडगाव. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती माणसाला हा विषय पंडिता रमाबाईंना वगळून मांडता येणार नाही. 1883 साली इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे आठ वर्षांनी त्यांच्या लक्षात आले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. ही कबुली त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. संस्कृत शास्त्रे मुखोद्गत असलेल्या, जगभर मान मिळालेल्या विदुषीने असे लिहावे, याला मोठे धैर्य लागते.

1896 साली लोणावळ्याच्या शिबिराला त्या ख्रिस्ती झालेल्या पंधरा मुलींना घेऊन गेल्या. पहाटे रानात जाऊन त्यांनी एक आकडेवारीची प्रार्थना केली: पुढच्या शिबिरापर्यंत या पंधरांचे पंधरापट, म्हणजे दोनशे पंचवीस होऊ देत. मी ही हकिगत पहिल्यांदा वाचली तेव्हा थबकलो. यापेक्षा जास्त स्वतः आखलेली प्रार्थना कोणती असेल? देवापुढे थेट पाढाच मांडलेला. पण उत्तर आले ते मध्य प्रांतातल्या दुष्काळाच्या रूपाने. तरुणपणी उपासमारीत आईवडील आणि बहीण गमावलेल्या रमाबाईंना त्या बातम्यांनी हलवून सोडले. हाताशी पैसा नव्हता, मन मागे ओढत होते, तरी त्या गेल्या आणि तीनशेच्या आसपास मुली घेऊन आल्या. केडगावच्या माळरानावरचे मुक्ती सदन त्यातून उभे राहिले. आकडा रमाबाईंनी मागितला होता. तो हाडांचे सापळे झालेल्या, उवांनी आणि जखमांनी भरलेल्या मुलींच्या रूपात दारात उभा राहिला तेव्हा त्यांनी मागणे मागे घेतले नाही. ती प्रार्थना कुणाची होती, याचा निवाडा माझ्या मते इथे होतो. आत्मा मागणे बदलतो, आणि त्याहून अधिक मागणाऱ्याला बदलतो.

1905 च्या सुरुवातीला वेल्समधल्या संजीवनाच्या बातम्या येत असताना रमाबाईंनी प्रार्थनेचा एक खास गट सुरू केला. सुमारे सत्तर जणी रोज सकाळी जमत. भारतातल्या ख्रिस्ती लोकांचे खरे परिवर्तन व्हावे, असे त्या मागत, आणि त्यात त्यांनी स्वतःलाही धरले होते. हे 'स्वतःलाही' फार महत्त्वाचे आहे. जूनअखेरीस एका पहाटे मुलींच्या वसतिगृहात रडणे आणि पापकबुली सुरू झाली. एका मुलीभोवती ज्वाळा दिसल्या म्हणून दुसरी पाण्याची बादली आणायला धावली, अशी नोंद मिनी अब्रम्स या तिथल्या मिशनरी बाईंनी केली आहे. पुढे शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, काही अन्य भाषांत बोलल्या. बाहेरून टीका झाली. रमाबाईंनी ती प्रार्थना दडपली नाही, आणि अन्य भाषा हीच आत्म्याची एकमेव खूण आहे, असेही मानले नाही. अब्रम्स यांची या विषयावरची पुस्तिका टपालाने थेट चिलीतल्या वाल्पाराइसोला त्यांच्या मैत्रिणीकडे पोचली, आणि तिथल्या 1909 च्या संजीवनामागे ती एक प्रेरणा ठरली.

त्या दिवसांनंतरही मुक्तीत दळण, विणकाम, छापखाना चालूच राहिला. रमाबाई मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल साध्या मराठीत आणत बसल्या. 1922 साली त्या गेल्या. ते बायबल 1924 साली प्रसिद्ध झाले. पाऊस पडून गेल्यावरही त्यांचा पोहरा विहिरीत जातच होता.

हे सगळे वाचताना मला वारंवार ऑगस्टीनची आई मोनिका आठवते. 383 साली भरकटलेला मुलगा कार्थेजहून रोमला निघाला, तेव्हा त्याने जाऊ नये म्हणून ती रात्रभर सिप्रियनच्या स्मृतिमंदिरात रडत प्रार्थना करत राहिली. मुलाने तिला फसवले आणि रात्रीच जहाज सुटले. सकाळी ती किनाऱ्यावर आक्रोश करत होती. त्या रात्री तिने जे मागितले ते देवाने दिले नाही, कारण ती आयुष्यभर जे मागत होती ते त्याला द्यायचे होते, असे ऑगस्टीनने पुढे लिहिले. त्याच प्रवासातून तो मिलानला बिशप अँब्रोजपर्यंत पोचला आणि 387 साली त्याचा बाप्तिस्मा झाला.

दरम्यान मोनिकाही मुलामागे निघाली होती. जहाज जाऊ नये म्हणून रात्र जागवलेली ही बाई आता स्वतः जहाजात बसली. वाटेत वादळ झाले. अशा वेळी खलाशी घाबरलेल्या प्रवाशांना धीर देतात. त्या जहाजावर मोनिका खलाशांना धीर देत होती.