फेरनच्या आतला निखारा

२१ डिसेंबरला काश्मीर खोऱ्यात ‘चिल्लई कलां’ लागतं. हिवाळ्यातले सर्वांत कडाक्याचे ४० दिवस! श्रीनगरात रात्री पारा शून्याखाली उतरतो, नळातलं पाणी गोठतं. आणि अशा थंडीत रस्त्याने चाललेल्या माणसाने फेरन नावाच्या ढगळ झग्याच्या आत, पोटाशी, चक्क विस्तव धरलेला असतो.

ही कांगडी. बाहेरून विलोच्या काटक्यांची विणलेली टोपली, आत मातीचं भांडं. त्यात कोळसा, बऱ्याचदा चिनारच्या गळलेल्या पानांचा. त्यावर निखारे, वर राख. कोळसा मावतो पाव किलोच्या आसपास, तरी ऊब तासन्‌तास टिकते. तो भसकन जळून का जात नाही? किमया राखेची. आपल्याकडेही रात्री चुलीतला विस्तव राखेत पुरून ठेवत आणि सकाळी फुंकर घालून जागा करत, तो याच जोरावर. राख हवेची वाट अडवते, निखाऱ्याला प्राणवायू पुरवून पुरवून मिळतो. ऊब कमी वाटली, की कांगडीला अडकवलेल्या छोट्या पळीने राख जराशी सारायची. झालं!

पण गारठतात बोटं, मग शेक पोटाला कशाला? इथे शरीराची करामत बघा. थंडी वाजली की ते आधी हृदय, फुफ्फुसं सांभाळतं. आतली ऊब बाहेर जाऊ नये म्हणून हातापायांच्या रक्तवाहिन्या आकसतात आणि बोटं बधिर होतात. धड उबदार राहिलं, तर ही काटकसर लागतच नाही. वाहिन्या सैलावतात आणि गरम रक्त थेट बोटांच्या टोकांपर्यंत पोचतं. शेक पोटाला, ऊब बोटांना!

याच निखाऱ्याला जपावंही लागतं. वर्षानुवर्षं तोच शेक बसलेल्या पोटा-मांड्यांच्या कातडीला कॅन्सर होऊ शकतो, हे डॉ. विल्यम एल्म्सली यांनी १८६६ मध्येच नोंदवलं होतं. त्याहून दबा धरून बसलेला धोका हवेतला. जी अपुरी हवा कोळसा टिकवते, तीच कार्बन मोनॉक्साइड तयार करते. त्याला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो, आणि बंद खोलीत झोपलेल्या माणसाला गुदमरल्याचं कळतही नाही.

म्हणून कांगडी पेटवायची बाहेर, धूर पुरता ओसरल्यावरच आत आणायची, पांघरुणात मुळीच घ्यायची नाही. धूर गेला तरी हा वायू निघतच राहतो. तेव्हा बाहेर बर्फ पडत असला, तरी खिडकीची फट उघडीच ठेवायची.