जुने धुलाई यंत्र : घरची दुरुस्ती आणि निगा

विहिरीवरची मोटार जळाली म्हणून आपण ती भंगारात टाकत नाही. रिवाइंडिंग करून आणतो, बेअरिंग बदलतो आणि पुन्हा बसवतो. घरातले कपडे धुण्याचे यंत्र मात्र वीस-पंचवीस वर्षांचे झाले आणि एके दिवशी नुसते गुणगुणू लागले, की "आता ह्याचे दिवस भरले" असे म्हणून आपण ते मागल्या पडवीत ढकलतो. मग घरातल्या बाईमाणसाला पुन्हा दगडावर कमरेत वाकून धुणे आपटावे लागते. बहुतेक वेळा बिघाड असतो तो शे-दोनशे रुपयांच्या एखाद्या रबराचा, पट्ट्याचा नाहीतर कंडेन्सरचा.

येथे आपण दोन टबांच्या, म्हणजे सेमी-ऑटोमॅटिक यंत्राविषयीच बोलत आहोत. बेळगाव-खानापूरकडील शेतकरी घरांतून हेच यंत्र अधिक आढळते, कारण त्याला नळाच्या दाबाची गरज नसते. बादलीने पाणी ओतले तरी चालते. त्याची रचना सोपी आहे. धुण्याच्या टबाच्या तळाशी चकती असते. ती खालच्या मोटारीवरून पट्ट्याने फिरते. काही क्षण एका बाजूला, मग थांबून उलट बाजूला. शेजारच्या ड्रायरला स्वतंत्र मोटार असते व ती टबाच्या दांड्याला थेट जोडलेली असते. दोन घड्याळे, एक कंडेन्सर, पाणी सोडण्याचा एक झडप-पडदा, बस्स. आत इलेक्ट्रॉनिक पट्टी नाही, म्हणूनच ते घरी दुरुस्त होऊ शकते.

पान्हा हाती घेण्याआधी अर्थिंग पाहावे. ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण ओली फरशी, अनवाणी पाय आणि विजेचे यंत्र एवढे तिन्ही एके ठिकाणी घरात दुसरीकडे कुठे येत नाही. पुष्कळ घरांतून तीन पिनांच्या प्लगची जाड पिन कापून टाकलेली असते, किंवा सॉकेटला तिसरी वायर जोडलेलीच नसते. अशा घरात यंत्राच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात आणि "थोडा करंट मारते, लाकडी पाटावर उभे राहा" असे सुनेला सांगितले जाते. हे सांगणे धोक्याचे आहे. मुंग्या आल्या त्याच दिवशी यंत्र बंद करावे. वायरमनला बोलावून अर्थिंगची वायर व जमिनीतील खड्डा तपासून घ्यावा; उन्हाळ्यात त्या खड्ड्यात अधूनमधून पाणी ओतावे, कारण कोरड्या मातीतून वीज नीट जमिनीत जात नाही. शिवाय मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवून घ्यावा. करंट अंगातून वाहू लागला तर तो क्षणात पुरवठा तोडतो. दुरुस्तीवर करायचा पहिला खर्च हाच.

आता यंत्र गुणगुणते पण फिरत नाही, ही नेहमीची तक्रार घेऊ. प्लग काढावा आणि चकती हाताने फिरवून पाहावी. ती अडत असेल तर मधला स्क्रू काढून चकती वर उचलावी. खाली नाणे, केसांची पिन, हुक, सुतळी, लिंटचा चिखल असे काहीतरी सापडतेच. चकती मोकळी फिरत असेल, तर मागचे झाकण उघडून पट्टा पाहावा. मध्यावर बोटाने दाबल्यास तो सुमारे एक सेंटीमीटर दबावा. फारच ढिला असेल तर मोटारीचे बोल्ट सैल करून मोटार थोडी सरकवावी. चिरा पडल्या असतील तर त्यावर छापलेला आकडा वाचून तोच नवा आणावा. पट्टाही ठीक असेल तर संशय कंडेन्सरवर घ्यावा. पंख्यात असतो तसाच तो असतो, मात्र मोठा. कंडेन्सर कमजोर झाला की मोटार आवाज करते, पण तिला सुरुवातीचा धक्का मिळत नाही. अशा स्थितीत बटण चालू ठेवू नये, त्यानेच मोटार जळते. खेड्यात पंप चालू असताना व्होल्टेज खाली उतरते, तेव्हाही हेच लक्षण दिसते; म्हणून दिव्यांचा प्रकाश मंद नाही ना, हे आधी पाहावे.

कंडेन्सर बदलताना एक सावधगिरी हवी. प्लग काढल्यावरही त्यात वीज साठून राहते. बल्बच्या होल्डरला दोन वायरी जोडाव्यात, त्यात साधा तारेचा बल्ब लावावा आणि वायरींची टोके कंडेन्सरच्या टोकांना क्षणभर टेकवावीत, साठा उतरतो. नव्या कंडेन्सरचे मायक्रोफॅरड जुन्याइतकेच असावेत आणि व्होल्टचा आकडा कमी नसावा. वायरी सोडविण्याआधी मोबाईलवर त्यांचा फोटो काढून ठेवावा. घड्याळ बिघडले तरी हीच रीत. ते उघडून दुरुस्त करीत बसू नये, नवे बसवावे.

टबात पाणी टिकत नसेल तर झडपेच्या रबराखाली काहीतरी अडकले आहे असे समजावे. भाताचा लोंबीकण किंवा शर्टाचे बटणही पुरते. डबीचे झाकण फिरवून काढावे, रबर धुवावे, कडा फाटली असेल तर बदलावे.

खरी लक्ष देण्याजोगी गळती ड्रायरखालची. तेथे दांड्याभोवती घडीचे रबरी सील असते आणि त्याच्या बरोबर खाली मोटार. सील फाटले की थेंब-थेंब पाणी मोटारीवर पडते, महिना-दोन महिने कोणाच्या लक्षातही येत नाही, आणि मग मिस्त्री सांगतो, "मोटार गेली." वर्षातून दोनदा यंत्राखाली कोरडे वर्तमानपत्र पसरून ड्रायर चालवावा. कागदावर ड्रायरच्या मध्याखाली डाग पडला, तर सील लगेच बदलून घ्यावे. मागून दांड्याचा बोल्ट सैल केला की टब वर निघतो. सीलची बैठक पुसून, नव्या सीलच्या ओठाला ग्रीस लावून ते बसवावे.

ड्रायरचे झाकण उघडताच वीज तुटते आणि ब्रेक लागतो. झाकणाखालचा हा स्विच बिघडला म्हणजे काही मिस्त्री त्याच्या दोन वायरी एकत्र पिळून देतात. असे कदापि करू देऊ नये. तो टब मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेतो. त्यात लहान मुलाचा हात गेला तर काय होईल ते सांगायला नको.

बोअरच्या जड पाण्याने टबाच्या आतल्या बाजूस पांढरा थर बसतो. दोन-तीन महिन्यांनी अर्धा टब कोमट पाणी घेऊन त्यात शंभर ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवावे, पाच मिनिटे फिरवून तासभर तसेच ठेवावे. त्यात ब्लीचिंग पावडर मुळीच मिसळू नये, विषारी क्लोरीन वायू सुटतो. उकळते पाणीही ओतू नये. प्लास्टिकचा टब वाकतो.

शेतावरचे कपडे, मग ती तांबडी माती असो वा काळी, आधी बाहेर झटकून व खळबळून मगच यंत्रात घालावेत. फवारणीच्या कपड्यांची गोष्ट वेगळी. ते घरच्या धुण्यात, विशेषतः तान्ह्या मुलांच्या कपड्यांत, कधीही मिसळू नयेत. हातमोजे घालून ते वेगळे भिजवावेत, गरमसर पाणी व भरपूर पावडर वापरून दोनदा धुवावेत, उन्हात वाळवावेत, आणि नंतर यंत्र साबणपाण्याने एकदा रिकामे चालवावे. ते पाणी विहिरीकडे किंवा गुरांच्या हौदाकडे वाहू देऊ नये. न मिसळलेले औषध अंगावर सांडून कपडा भिजला असेल, तर तो धुण्याच्या भानगडीत न पडता टाकून द्यावा.

ऊसतोडणीनंतर उंदीर घरात शिरतात आणि यंत्राचा उघडा तळ त्यांना फार आवडतो. वायरी कुरतडल्या की पत्र्यात करंट उतरतो. तळाला बारीक जाळी ठोकावी, यंत्र विटांवर नव्हे तर पक्क्या स्टँडवर ठेवावे. वापरानंतर पाण्याची नळी खाली सोडून पूर्ण रिकामी करावी व झाकण उघडे ठेवावे. साचलेल्या पाण्यात डास होतात.

धुण्याच्या टबाला तडा गेला असेल, किंवा मोटारीखालचा पत्रा गंजून मोटार लोंबू लागली असेल, तर मात्र त्यावर आणखी पैसे घालू नयेत. तसे नसेल तर मागच्या झाकणाच्या आतील बाजूस पट्ट्याचा आकडा, कंडेन्सरचे माप आणि सील बदलल्याची तारीख रंगाने लिहून ठेवावी. पुढच्या वेळी दुकानात जाताना झाकणच उघडून वाचायचे.