फायब्रिनोजेन आणि हृदयविकार

फायब्रिनोजेन हे यकृतात तयार होणारे आणि रक्तद्रवात विरघळलेले प्रथिन असून रक्त गोठवणाऱ्या घटकांमध्ये त्याला पहिला क्रमांक दिलेला आहे. रक्तात त्याचे प्रमाण जास्त असलेल्या व्यक्तींमध्ये हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात अधिक आढळतात. मात्र हे वाढलेले प्रमाण रोगाचे कारण आहे की केवळ त्याची खूण, हा या विषयातील मुख्य प्रश्न आहे.

कार्य

रक्तवाहिनीला इजा झाल्यावर थ्रॉम्बिन हे विकर फायब्रिनोजेनचे रूपांतर फायब्रिनच्या तंतूंत करते. तेरावा घटक हे तंतू एकमेकांशी घट्ट जोडतो. त्यांच्या जाळ्यात रक्तपेशी अडकून गुठळी पक्की होते. फायब्रिनोजेन बिंबाणूंना परस्परांशी जोडते आणि रक्ताचा दाटपणाही वाढवते. हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमनीतील मेदयुक्त थर फुटून तेथे गुठळी झाल्यास रक्तपुरवठा खंडित होऊन झटका येतो.

प्रमाण

निरोगी प्रौढांमध्ये दर १०० मिलिलिटर रक्तद्रवात साधारणपणे २०० ते ४०० मिलिग्रॅम फायब्रिनोजेन असते. धूम्रपान, लठ्ठपणा, वाढते वय, गर्भावस्था, जंतुसंसर्ग आणि दाह यांमुळे ते वाढते.

संशोधन

लंडनमधील नॉर्थविक पार्क हृदय अभ्यासात सुमारे १,५०० पुरुषांची दीर्घकाळ पाहणी करण्यात आली. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत फायब्रिनोजेन व सातवा घटक यांच्या वाढलेल्या प्रमाणाचा हृदयविकाराशी संबंध दिसून आला. सातव्या घटकाबाबत नंतरच्या अभ्यासांत एकवाक्यता आढळली नाही. २००५ साली ३१ अभ्यासांतील दीड लाखांहून अधिक व्यक्तींच्या माहितीचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यानुसार दर लिटरमागे १ ग्रॅम वाढीबरोबर हृदयविकाराचा धोका, इतर ज्ञात कारणे विचारात घेऊनही, सुमारे १.८ पट होता.

कारण की खूण?

धमनीकाठिण्यात दीर्घकालीन दाह असतो आणि दाहामुळे फायब्रिनोजेन वाढते. त्यामुळे हा संबंध उलट दिशेचाही असू शकतो. काही व्यक्तींमध्ये जनुकीय भेदामुळे फायब्रिनोजेन जन्मतःच किंचित जास्त असते. ते रोगाचे कारण असते, तर अशा व्यक्तींमध्ये हृदयविकार अधिक आढळला असता. मोठ्या जनुकीय अभ्यासांत तसे स्पष्टपणे दिसलेले नाही. बेझाफायब्रेट या औषधाने फायब्रिनोजेन कमी होते, परंतु २००० साली प्रसिद्ध झालेल्या इस्रायलमधील चाचणीत झटके व हृदयविकाराने होणारे मृत्यू लक्षणीयरीत्या घटले नाहीत.

वैद्यकीय महत्त्व

फायब्रिनोजेनच्या तीव्र कमतरतेमुळे धोकादायक रक्तस्राव होऊ शकतो. हृदयविकार टाळण्यासाठी केवळ फायब्रिनोजेन घटवणारा उपचार प्रचलित नाही. धूम्रपान सोडणे आणि रक्तदाब, कोलेस्टेरॉल व मधुमेह नियंत्रणात ठेवणे हेच प्रतिबंधाचे मुख्य मार्ग आहेत. धूम्रपान सोडल्यावर फायब्रिनोजेनचे प्रमाणही कमी होते.