हरभऱ्याची आंब आणि बाटलीतला सिरका

रब्बीत हरभरा फुलावर आला की त्याच्या पानांवरील बारीक लवेतून आम्ल पाझरते व पहाटेच्या दवात उतरते. जुनी माणसे स्वच्छ फडके पिकावरून फिरवून पिळीत आणि ही आंब बाटलीत भरून ठेवीत. पोट दुखले, अन्न पचले नाही, की चमचाभर पाण्यातून देत. आता गडचांदूरसारख्या बाजाराच्या गावीही सफरचंदाच्या सिरक्याच्या बाटल्या मिळतात. दोन्ही आंबट, पण एक नव्हेत. सिरका फळाचा रस आंबून होतो. त्यात अ‍ॅसेटिक आम्ल असते. आंबेत मॅलिक व ऑक्झॅलिक. ज्याला मुतखड्याचा त्रास आहे त्याने आंबेपासून दूरच राहावे.

आता भुकेचे. आंबटाने तोंडाला पाणी सुटते, म्हणून भूक लागते असे आपण म्हणतो. शहरात तोच सिरका भूक मारायला पितात! जेवणासोबत घेतला तर अन्न पोटातून सावकाश पुढे सरकते, भात-भाकरीची साखर हळू चढते, हे खरे. पण भूक मंदावते ती काही अंशी मळमळीमुळे. दिवसभर कापूस वेचणाऱ्या बाईला अशी भूक मारून काय मिळणार?

जपानमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात लठ्ठ माणसांनी १२ आठवडे रोज १५ किंवा ३० मिलिलिटर सिरका घेतला. वजन एक-दोन किलो उतरले. बंद करताच पुन्हा चढले. लेबनॉनमधील २०२४ च्या प्रयोगाचा तर मोठा गाजावाजा झाला, पण आकडेवारीत दोष आढळल्याने तो निबंध २०२५ मध्ये मागे घेण्यात आला.

घ्यायचाच तर एक चमचा, पेलाभर पाण्यात, जेवताना. नुसता कधीही नको. घसा भाजतो, दातांचे कवच झिजते. अल्सर असेल तर टाळावा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन सिरक्याच्या भरवशावर बंद करणे जिवावर बेतू शकते. लघवीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आंबेचा खरा धोका मात्र वेगळाच आहे. आजोबांच्या हरभऱ्यावर फवारा नव्हता, आपल्या हरभऱ्यावर घाटेअळीसाठी औषध पडते. फडक्यात दवाबरोबर तेही येते, आणि ते उकळून किंवा गाळून जाईल असे समजू नये. आंब व कोवळ्या पाल्याची भाजी हवी असेल तर घराजवळ दोन वाफे वेगळे पेरावेत, शेजारच्या फवाऱ्याचा वारा येणार नाही अशा जागी. तिथल्या अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकाव्यात.