अनशापोटी गिळलेली पानं

नोव्हेंबर 1987. टांझानियात, टांगानिका सरोवराकाठच्या महाले डोंगरांत चाउसिकू नावाची चिंपांझी मादी मरगळून पडली होती. बाकीचा कळप चरत हिंडत होता. ही सारखी झोपत होती, पिल्लाकडेही धड बघत नव्हती. मग उठून ती एका झुडपापाशी गेली, कोवळी फांदी वाकवून तिची साल सोलली आणि आतला गाभा चघळत रस चोखू लागली. मायकेल हफमन हे संशोधक बघत होते. सोबत मोहम्मेदी सेइफू कालुंदे होते, टोंग्वे जमातीतले जाणते, तिथल्याच राष्ट्रीय उद्यानात नोकरीला. झाड कोणतं, हे हफमनना त्यांच्याकडूनच कळलं: म्जोन्सो. जहाल कडू. टोंग्वे लोक तापाला, पोटदुखीला, जंतांवर हेच देतात. दुसऱ्या दिवशी चाउसिकू हिंडूफिरू लागली.

एक जनावर बरं झालं, एवढ्यानं काही सिद्ध होत नाही. पुढे 1991 मध्ये दुसऱ्या एका मादीनं हाच गाभा चघळला, तेव्हा तिची विष्ठा तपासली गेली. एका ग्रॅममध्ये जंतांची 130 अंडी होती. वीस तासांनी 15 उरली.

खरं कोडं मात्र त्याआधीचं. रिचर्ड रँगम आणि तोशिसादा निशिदा यांनी 1983 मध्ये लिहिलं, की चिंपांझी अस्पिलिया या वनस्पतीची खरखरीत पानं एकेक करून तोंडात घेतात, जिभेनं घडी घालतात आणि न चावता गिळतात. तीही बहुधा सकाळी, अनशापोटी. (कोकणात किराईताचा काढाही अनशापोटीच घेतात, हे वाचताना त्याची कडू चव माझ्या जिभेवर आली.) न चावलेल्या पानातून पोषण ते काय मिळणार? दोन वर्षांनी पानांत जंतांना मारणारं रसायन असल्याचं जाहीर झालं आणि कोडं सुटल्यासारखं वाटलं. पण नंतरच्या तपासण्यांत पानांतून ते रसायन मिळेना. उत्तर 1996 च्या सुमारास हाती आलं, तेही विष्ठेतून: सुमारे सहा तासांत पानं अख्खीच बाहेर पडत होती आणि त्यांच्याबरोबर जंत जिवंत, वळवळत. गुण रसायनाचा नव्हता, पानावरच्या राठ लवेचा होता. रिकाम्या आतड्यातून ती जंतांना झाडून काढत होती. रसायनाचा तो सुटसुटीत खुलासा सोडून देण्याचा प्रामाणिकपणा मला या साऱ्या इतिहासात सगळ्यात मोलाचा वाटतो.

जून 2022 मध्ये सुमात्रात राकुस या ओरांगउटान नराच्या गालावर जखम झाली. तीन दिवसांनी त्यानं आकार कुनिंग या वेलीची पानं चघळली, बोटांनी रस पुन्हापुन्हा जखमेला लावला आणि वर चोथा थापला. पाच दिवसांत जखम मिटली. तिथं एकवीस वर्षांच्या निरीक्षणात असं कुणी पाहिलं नव्हतं. तो हे कुणाकडून शिकला की अपघातानं त्याला सापडलं, ते एका प्रसंगावरून ठरत नाही.

कालुंदेंच्या घराण्यात मात्र जनावरांकडे असं बघणं जुनंच होतं. त्यांचे आजोबा वैदू. रक्ताची हगवण लागलेलं साळिंदराचं पिल्लू मुलेंगेलेले या वनस्पतीची मुळं उकरून खाताना त्यांनी पाहिलं होतं. टोंग्वे लोक ती मुळी विषारी समजत आणि टाळत. पिल्लू जगलं. गावात तशीच साथ आली तेव्हा आजोबांनी ती मुळी आधी स्वतः घेतली आणि मग इतरांना दिली.